बांधावरची तूर

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातली साडेतीन पानं एकाच प्रश्नावर: देवाची माझ्यासाठी काय योजना आहे? मंडळीच्या सेवेत उतरावं की नोकरी बघावी, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पाळक नारायण शेषाद्री यांच्यासारखं काही आपल्या हातून घडेल का, वगैरे. शेषाद्री आपल्या जालन्याकडचे म्हणून आपण कौतुकाने नाव घेतो. पण १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळं गणगोत तुटलं. त्यांच्या मागोमाग आलेल्या धाकट्या भावाला तर कोर्टाने पुन्हा आईबापांच्या हवाली केलं. जालन्याजवळ बेथेल हे त्यांचं ख्रिस्ती गाव वसलं ते कितीतरी वर्षांनी. आपल्याला नुसतं बेथेल दिसतं.

असो. चौथ्या पानाच्या तळाशी तू एक ओळ लिहिलीस. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी दोन वर्षं बोलणं नाही. तू ती सहज लिहून गेलास, मी मात्र तिथेच अडकलो.

माझी एक गोष्ट सांगतो. आपल्या चर्चच्या मंडळीत फार थोड्यांना ठाऊक आहे. वेगळा निघालो तेव्हा वाट्याला तीन एकर आलं. दर उन्हाळ्यात नांगरताना मी बांधाला खेटून नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, जास्त घ्यायचो. पाच-सहा वर्षांत दीड हात बांध कोरला आणि त्या जागेवर माझी तूर डुलायला लागली. बांधभाऊ गरीब माणूस, बघायचा आणि गप्प बसायचा. त्याच काळात मी मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ, झालो. सुगीच्या उपकारस्तुतीला बाकीचे पायलीभर ज्वारी आणत, मी अख्खं पोतं ठेवायचो.

एका रविवारी वाचन माझ्याकडे होतं. बायबलातलं १ शमुवेल, अध्याय १५. शत्रूच्या सगळ्याचा नाश कर, काही राखू नकोस, असं देवाने सांगितलेलं असताना शौल राजा निवडक मेंढरं राखतो आणि वर शमुवेल संदेष्ट्यालाच सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग मेंढरांचं हे ओरडणं कानी पडतंय ते कसलं? शौल म्हणतो, ती यज्ञासाठी ठेवलीत. (त्या अध्यायातली कत्तल मलाही अजून पचलेली नाही. भेटलास की बोलू.) यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, या वचनाशी आलो आणि घसा बसला. समोर माझंच पोतं होतं.

तरी लगेच गेलो नाही हं. आणखी एक पीक काढलं. माणूस असा असतो.

शेवटी बांधभावाला बोलावलं, दोघांनी जुना दगड शोधला आणि दोरी धरली. तो एक शब्द बोलला नाही. दोरी गुंडाळली, बांधावर बसला आणि तंबाखूची चंची माझ्यापुढे केली.

तेव्हापासून कुणी देवाची इच्छा विचारायला आलं की मी आधी विचारतो, जी कळलेली आहे तिचं काय केलंस? वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने सांगितलंय. चूक कोणाची ते आधी ठरव, असं त्यात नाही. विहिरीवरची पाण्याची मोटार आधी कोणी चालू केली, याचा हिशेब तू पत्रात दिला आहेस. तो खराही असेल.

आणखी एक. आज्ञापालन म्हणजे पाळक म्हणतील त्याला मान डोलावणं नव्हे, माझ्या म्हणण्यालाही नाही. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं प्रभूचा शिष्य पेत्र यहुद्यांच्या धर्मसभेपुढेच बोलला होता. म्हणून वेदीपाशीच्या अर्पणाचं ते वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात स्वतः उघडून बघ.

भाऊ कदाचित तोंड फिरवील. वहिनी टोमणा मारील. फोनवर उरकू नकोस, वावरात जा. रविवारी सकाळी तो विहिरीवरच असतो ना? उपासनेला उशीर झाला तरी चालेल, पाळकसाहेबांना मी सांगून ठेवतो.

तुझा,
काका