घरातली माळ की बाहेरची?

पहिल्यांदाच नाताळची रोषणाई करताय, तर रंग नंतर बघा. आधी माळेच्या खोक्यावरचा 'आयपी' आकडा बघा, म्हणजे ती धूळ-पाणी किती सोसते ते कळतं. आयपी २० म्हणजे फक्त घरात: गोठा (येशूजन्माचा देखावा), ख्रिसमस ट्री. आयपी ४४ ला शिंतोडे चालतात, छपराखालच्या बाल्कांवाला (घरापुढच्या ओसरीला) तेवढं पुरतं. उघड्यावर, माडाला किंवा गेटवर लावायची तर आयपी ६५ घ्या. आकडाच छापलेला नसेल तर ती माळ घरातलीच समजा.

गोव्यात डिसेंबरात पाऊस नसतो, म्हणून घरातलीच माळ बाहेर टांगली जाते. पण पहाटेचं दव आणि खारी हवा विसरू नका. पिना हिरव्या पडतात, सांध्यात ओल शिरते आणि मग अर्धी माळ विझते, नाहीतर स्विच ट्रिप होऊन घरातली वीजच जाते.

सगळ्यात जास्त चुका प्लगपाशी होतात. माळ आयपी ६५ असते, ॲडॉप्टर मात्र बहुतेक वेळा घरातलाच. तो आत ठेवा, वायर तेवढी बाहेर काढा. वायर खिडकीतून सरळ आत घेऊ नका. खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

आणखी दोन गोष्टी:
- टांगण्याआधी माळ जमिनीवर पसरून अर्धा तास पेटवून बघा. (माडावर चढल्यावर कळलं तर काय उपयोग!)
- वायरीवर खिळा ठोकू नका, प्लास्टिकचे टाय वापरा.

बाहेरची माळ घरात चालते, उलटं नाही. एकच घेणार असाल तर बाहेरचीच घ्या.