साठीच्या सासूसासऱ्यांना घेऊन हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानात निवांत चालायला जायचं आहे. नाशिकहून बेत कसा आखावा?

तुमच्या प्रश्नातल्या अटी मला फार आवडल्या. डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान हवं, दिवसा चालायला हवं, पण रात्री तंबू नको, गादी हवी, अंघोळीला गरम पाणी हवं आणि रोज उठून बॅगा भरणं नको. सासूसासरे साठी ओलांडलेले, पण अंजनेरी चढून उतरलेले. यावर माझं उत्तर एकच आहे: हिमाचलमधलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, आणि तेही तीर्थन नदीच्या बाजूने. मुलं मार्गी लागल्यावर आम्ही दोघं तिकडे जायला लागलो. आता ओळखीत कुणी विचारलं की मी दुसरं नाव घेत नाही.

तुम्ही लिहिलेली दुसरी दोन नावं आधी बाजूला काढते. उत्तराखंडातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स देखणं आहे, पण फुलं भर पावसात, जुलै-ऑगस्टला. मुक्काम घांघरियाला, तिथे पोचायलाच सुमारे दहा किलोमीटर चढ, आणि दरीत राहायची परवानगी नाही. म्हणजे रोज भिजून वर जा आणि अंधाराच्या आत परत या. निवांतपणाचा त्यात पत्ता नाही. केरळात मुन्नारजवळचं एराविकुलम अगदी उलट, आणि ते हिमालयात नाहीच. नीलगिरी ताहर, म्हणजे तिकडच्या रानबकऱ्या, हाताच्या अंतरावर चरताना दिसतात, पण चालायला ठरवून दिलेला डांबरी रस्ता. दोन तासांत संपलं, पुढे काय?

आता तीर्थन. हे उद्यान 1984 साली आखलं गेलं, 1999 मध्ये रीतसर घोषित झालं आणि 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. उद्यानाच्या आत हॉटेल, रिसॉर्ट, चहाची टपरी, काही नाही. आत राहायचं तर तंबू आणि पाठीवर शिधा. पण उद्यानाच्या पश्चिमेला गावांचा एक पट्टा ठेवलेला आहे. त्याला तिकडे सगळे इकोझोनच म्हणतात. तिथे शेती आहे, सफरचंदाच्या बागा आहेत आणि बऱ्याच घरांत पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या आहेत. तुमचा सगळा बेत या पट्ट्यावर उभा करा. झोपायचं गावात, चालायचं उद्यानाच्या दिशेने, आणि रात्रीच्या जेवणाला परत त्याच घरी.

मुक्काम दोनच ठेवा. पहिला तीर्थनकाठच्या गुशैणी किंवा नागिणी या गावांच्या आसपास, चार रात्री. दुसरा त्याहून वरच्या शोजा गावात, दोन रात्री. यापेक्षा जास्त ठिकाणं कुणी सुचवली तर हात जोडा. कुलू, मनाली, मणिकरण, सगळं एका आठवड्यात कोंबणारे प्रवासी मी बघते. त्यांच्या फोनमध्ये फोटो असतात आणि कमरेला पट्टा असतो.

गुशैणी सुमारे 1600 मीटरवर आहे. आपली कळसूबाई 1646. म्हणजे तुम्ही जिथे पांघरूण घेऊन झोपणार ती जागाच कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास आहे. ऐकायला भारी वाटतं, पण या उंचीवर श्वासाला त्रास होत नाही. म्हणून पहिला मुक्काम इथेच हवा. शोजाच्या वरचा जलोडी घाट 3120 मीटरवर आहे, तिथे पहिल्याच दिवशी ज्येष्ठांना नेऊ नका. खाली तीन-चार रात्री काढल्या की शरीर आपोआप जुळवून घेतं. सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या आहेत असं लिहिलंय, तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं 'हिमाचलला चाललोय' म्हणून भागत नाही.

गुशैणीला तीर्थन आणि फलाचन या दोन नद्या मिळतात. शेजारच्या सैंज खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प झाले, तीर्थन मात्र तिथल्या लोकांनी भांडून मोकळी ठेवली. त्यामुळे पाणी अजून काचेसारखं आहे आणि त्यात ट्राउट मासा आहे. मासेखाऊ असाल तर घरमालकाला आदल्या दिवशी सांगा. गळ टाकायची हौस असेल तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

पहिल्या दिवशी काही करू नका. दोन रात्रींच्या प्रवासाचं अंग घेऊन पोचाल, नदीकाठी बसा, चहा प्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या गावात, बागांमधून, एखाद्या वरच्या वाडीपर्यंत. छोईचा धबधबाही जवळ आहे, अर्ध्या दिवसाचं काम. तिसऱ्या दिवशी उद्यानाची वाट धरा. गुशैणीहून नदीच्या कडेकडेने उद्यानाच्या फाटकापर्यंत साधारण आठ किलोमीटर, आणि पुढे रोल्ला नावाचा वनखात्याचा मुक्काम आहे. वाट खडी नाही, पण चढउतार सतत आहेत. आधी शेतं, मग शेवटची वाडी, मग देवदार आणि कैल या पाइनच्या झाडांची दाट सावली. फाटक गाठलंच पाहिजे असं काही नाही. घड्याळात बारा वाजले की जिथे असाल तिथे डबा उघडायचा आणि मागे फिरायचं, हा नियम सासूबाईंसमोरच ठरवून टाका. म्हणजे 'माझ्यामुळे तुमचं राहिलं' हे वाक्य ऐकावं लागणार नाही.

फाटकाच्या आत पाऊल टाकायचं असेल तर परवाना लागतो आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. बंजार या जवळच्या बाजारगावाहून गुशैणीला जाताना साई रोपा लागतं, तिथे उद्यानाचं कार्यालय आहे. ओळखपत्रांच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. काम घरमालकावर सोपवलं तर तो वाटाड्याही गावातलाच बघून देतो. वाटाड्या हा नुसता नियमाचा भाग समजू नका. उद्यान झाल्यावर तिथल्या गावांचे चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे जुने हक्क गेले, त्या घरांना आता याच कामाचा आधार आहे. शिवाय जंगल त्यालाच दिसतं. आपण 'पक्षी' म्हणून बोट दाखवेपर्यंत तो मोनाल होता की कोकलास हे त्याने सांगितलेलं असतं. जुजुराणा, म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, दिसेल अशी आशा मात्र धरू नका. तो उंचावरच्या दाट रानातला, लाजाळू. नाव ऐकून समाधान मानायचं.

चौथा दिवस मी चैहणीला देते, आणि नाशिककरांना तर आग्रहाने. बंजार खोऱ्याचं मुख्य दैवत शृंगी ऋषी. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करणारे तेच. सासूबाई पंचवटीच्या आहेत म्हणता, तर रामाच्या गोष्टीची ही सुरुवातीची बाजू त्यांना नक्की भावेल. त्यांच्या मंदिरापासून वर चैहणी गावात एक उंच लाकडी-दगडी कोठी उभी आहे. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई, असं करत मनोराच चढवलाय, मध्ये ना चुना ना सिमेंट. 1905 च्या कांगड्याच्या भूकंपात वरचे मजले पडले असं गावकरी सांगतात, बाकीची कोठी जागची हलली नाही. वर जायचा जिना म्हणजे एक अख्खं खोड, त्यात पावलापुरत्या खाचा. बाहेरून बघायचं. तिकडच्या देवळांत परक्यांनी कुठवर जायचं याचे कडक नियम असतात, हात लावण्याआधी विचारा. चामड्याचा पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवलेलं बरं.

मग शोजा. खाली जिभी आहे, तिथे कॅफे, गाणी, रस्त्यावर गाड्या. तरुण पोरांना आवडतं, त्यांचं बरोबरच आहे. तुम्ही तिथे कॉफी प्या आणि वर शोजाला जा. तिथून जलोडी घाट गाडीने थोड्या वेळाचा. शेवटचा चढ भयंकर आहे, पहिल्या गिअरमध्ये गाडी रडत जाते, म्हणून गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही तिथलेच घ्या. घाटावरून सरयोलसर तलाव साधारण पाच किलोमीटर. ही वाट म्हणजे तुमच्या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस, कारण उंची मिळते पण चढ फार नाही. खरसू ओकाचं जुनं रान आहे, खोडांवर हिरवं शेवाळ, पायाखाली पानांचा जाड थर. तलावाकाठी बुढी नागिणीचं देऊळ आहे, लोक तिला तूप वाहतात. पाण्यावर पान पडलं की एक पक्षी येऊन ते उचलून नेतो, म्हणून तलाव कायम स्वच्छ, असं तिकडे कुणीही सांगेल. सासरे तासभर त्या पक्ष्याची वाट बघत बसले तर बसू द्या, घाई काय आहे? परत आलात की घाटावरच्या ढाब्यात राजमा-भात. पलीकडे रघुपूर गडही आहे, पण तो चढ चांगलाच दमवतो. तो तुम्ही दोघांनी करा.

खोली ठरवताना फोनवर नीट उलटतपासणी घ्या. रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या? नदीपलीकडे असेल तर पूल आहे की झुला? काही घरांना खरोखर तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून जावं लागतं. तरुणपणी मजा, गुडघेदुखीत नाही. संडास कमोडचा आहे का, गरम पाणी गिझरचं की बादलीने, वीज गेली तर काय, जेवण घरचं का? जेवण घरचंच घ्या. सिड्डू सांगा: आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात, वर तुपाची धार. आपल्या उकडीच्या मोदकाचा धिप्पाड चुलतभाऊ समजा. एक खाऊन थांबा, रात्री पोळी मागायची वेळ येत नाही.

कधी जायचं? तुम्ही मे किंवा दिवाळी म्हणालात. माझं मत एप्रिलअखेर ते मेचा मध्य. दिवाळीच्या आधी-नंतर आकाश स्वच्छ, पण शोजाला रात्री हाडं वाजतात. आणि दसऱ्याचा आठवडा टाळा. सगळीकडचा दसरा संपतो त्या दिवशी कुलूचा सुरू होतो, खोऱ्यातले देव पालख्यांतून तिकडे जातात, गाड्या आणि खोल्या मिळणं मुश्कील. पावसाळ्याचं नाव काढू नका. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये बियासच्या पुराने आणि दरडींनी तिकडच्या रस्त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. डिसेंबरपासून जलोडी बर्फाने बंद होतो.

प्रवास सोपा आहे. नाशिकरोडहून संध्याकाळची राजधानी, सकाळी दिल्ली. स्वस्तात हवं तर पंजाब मेल किंवा मंगला आहेच, विमानाने जायचं तर ओझरहून दिल्ली. दिल्लीत काश्मिरी गेटहून रात्रीची मनालीची बस, पण मनालीपर्यंत जायचं नाही, पहाटे औटचा बोगदा यायच्या आधी उतरायचं. कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा, झोपेत पुढे निघून जायला वेळ लागत नाही. तिथे घरमालकाने पाठवलेली गाडी उभी असली पाहिजे, गुशैणी तिथून दीड-दोन तास. ज्येष्ठांसाठी मी एक बदल करेन: येताना दिल्लीत एक रात्र झोपा, बस आणि रेल्वे पाठोपाठ घेऊ नका. रोख पैसे बंजारला काढा. नेटवर्क येतं आणि जातं.

तयारीला अजून दोन महिने असतील तर जिमची गरज नाही. आठवड्यातून तीनदा सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या, आणि लक्ष चढण्याकडे नाही, उतरण्याकडे. तिकडे गुडघे उतारावरच बोलायला लागतात. रविवारी एकदा रामशेज, एकदा अंजनेरी, ज्या बुटांनी तिकडे चालणार तेच घालून. नवे कोरे बूट दिल्लीत पहिल्यांदा पायात घालणारे लोक आहेत, त्यांच्यात जाऊ नका. प्रत्येकाला एक काठी. पातळ रेनकोट मे महिन्यातही हवा, दुपारी चार थेंब येतातच. चिवड्याचा डबा न्या, तिकडचे लोकही आवडीने खातात आणि बदल्यात अक्रोड पुढे करतात.

आणि सासूबाईंची एकादशी तारखांत येतेय का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. येत असेल तर साबुदाणा आणि दाण्याचं कूट इथूनच बांधून न्या, बंजारच्या बाजारात शोधत बसू नका. बटाटे, दही आणि तूप तिकडे घराघरात आहे. स्वयंपाकघरात शिरून खिचडी स्वतः करते म्हटलं तर घरच्या बायका नाही म्हणत नाहीत, उलट कृती लिहून मागतात.