डेंटल इम्प्लांटनंतर काय काय टाळावं? सेव कधीपासून चालेल?

सेवचं आधी सांगून टाकतो, इंदूरच्या माणसाचा जीव तिथेच अडकलेला असतो. टाके निघेपर्यंत नाही. सेव-परमल, भाजलेले दाणे, तिळाची वडी, जे जे बारीक होऊन जखमेत शिरतं ते सगळं बंद. पोहे खा, पण मऊ, कोमट, वर सेव किंवा जीरावन मसाला न घालता आणि दुसऱ्या बाजूने. टाके निघाल्यावरही त्या बाजूने कडक काही चावू नका. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, आणि हाडाने तो धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात सहापर्यंतही जातात. गराडूचा, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या कंदाचा, सीझन यंदा गेला म्हणायचा.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘जेवणानंतर चिमूटभर तंबाखू लागते, दुसऱ्या गालात ठेवली तर चालेल ना?’ नाही चालणार. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय.

आम्हा दोघांची इम्प्लांटं एकाच हिवाळ्यात, एकाच डॉक्टरांकडे झाली. ओळख त्यांचीच, मला घेऊन गेले तेच. नंतरच्या रविवारी सासुरवाडीला रामबागेत जेवण होतं. सासूबाईंनी आम्हा दोघांसाठी वेगळी गुरगुट्या खिचडी केली होती. जेवण झालं आणि साडूंनी खिशातून ती दोन तोंडांची स्टीलची डबी काढली, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. तळहातावर अंगठ्याने निवांत मळली, दोन टाळ्या मारून भुगा उडवला आणि ओठ ताणून डाव्या बाजूला ठेवली. सूज उजव्या गालाला. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, “अहो, जखम तिकडे आहे, मी इकडे ठेवतोय.” वर हेही, की आपण गुटख्याला हात लावत नाही. गुटखा मध्य प्रदेशात २०१२ सालीच बंद झालाय, त्यात यांचा काय मोठेपणा? मी बोलायला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो, सवय आहे त्यांची.” घरातल्या मोठ्या जावयाला कोण काय बोलणार!

तर ऐका. निकोटीन गालातून रक्तात जातं आणि रक्ताला डावं-उजवं नसतं. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला आणि हाडाला रक्त कमी पोचतं आणि जे नवं हाड स्क्रूला धरून वाढायला हवं ते नीट वाढतच नाही. बिडी-सिगरेटचंही तेच. शिवाय तंबाखू आली की थुंकणं आलं. जखमेवर रक्ताची गाठ धरलेली असते, पिंक टाकताना तोंडात जी ओढ बसते तिने ती निघते. पहिल्या दिवशी गुळण्या नाहीत आणि स्ट्रॉ नाही, ते याच कारणासाठी. (२०१७ पासून वर्षानुवर्षं हे शहर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं आणि आमचे साडू अजून गॅलरीतून पिंक टाकतात, तो वेगळा विषय.)

पुढे त्यांचा स्क्रू हलायला लागला, काढावा लागला. माझ्या दाढेने मी मक्याचं कणीस खातो. तेव्हापासून दर लग्नकार्यात एकच पालुपद, ‘स्क्रू हलका वापरला हो, सगळा धंदा आहे.’ धंदा असेलही, बिल मीही भरलंय. पण स्वीडनच्या डॉ. ब्रोनमार्कांनी १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोवर ते टिकले. टायटॅनियमला नावं ठेवून उपयोग नाही.

आता एक मान्य करतो. त्यांची दाढ वरची होती, तिथलं हाड मुळात मऊ, आणि त्यांना शुगर आहे. डॉक्टरही म्हणाले की एकट्या तंबाखूवर खापर फोडता येणार नाही. म्हणून तुमचंही तसंच होईल असं नाही.

बाकीचं तुम्हाला कागदावर लिहून दिलं असेलच. पहिल्या दिवशी गरम चहा नको, बर्फ गालावर बाहेरून, दर वेळी वीसेक मिनिटं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, त्याने घाबरू नका. त्यानंतरही दुखणं वाढतच गेलं, ताप आला किंवा पू दिसला तर मात्र लगेच जा. टाक्यांवर हळद, लवंगेचं तेल असले घरगुती प्रयोग नकोत. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर दारू नाही. वरची मागची दाढ असेल तर जोराने नाक शिंकरू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि तंबाखू किती खाता ते डॉक्टरांना खरं सांगा. साडूंनी फॉर्मवर त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो, लिहिताना पाहिलंय.