वर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘सोअर’ नको

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

लासलगावच्या कांदा बाजारावरचा तुझा इंग्रजी मजकूर वाचला. आकडे चोख आहेत, मांडणीही नीट आहे. खटकलं ते एकच. भाव वर गेला की तू ‘सोअर’ (soar) लिहितेस, आणि तो शब्द फारच वेळा आला असं वाटलं की मोबाइलवरच्या समानार्थी शब्दांतून ‘असेंड’ उचलतेस. तिथे राइज, क्लाइंब, असेंड, सोअर, सर्ज असे सगळे एका रांगेत बसलेले असतात, म्हणून कुणीही कुणाच्या जागी चालेल असं वाटतं. तसं चालत नाही. शब्द उचलण्याआधी एवढं बघत जा, की ही गोष्ट वर जातेय ती कशाच्या जोरावर आणि कोणत्या चालीने.

मराठीत हे तू न शिकवता करतेस. क्विंटलमागे 50 रुपये वाढले तर ‘वधारले’ म्हणतेस, एका दिवसात मोठी झेप घेतली तर ‘उसळी’, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळालं की ‘कडाडले’. पन्नास रुपयांसाठी ‘कडाडले’ लिहिलंस तर पिंपळगावचा आडत्याही हसेल. इंग्रजीला तीच नजर लाव. किंचित वाढ असेल तर ‘एज्ड अप’, साधी वाढ असेल तर ‘रोझ’, आठवडेच्या आठवडे टप्प्याटप्प्याने चढत गेला तर ‘क्लाइंब्ड’. एकदम वर जाऊन तसाच खाली आला तर ‘स्पाइक’. मागणीचा लोंढा आला तर ‘सर्ज’. ‘स्कायरॉकेट’ म्हणजे मुळात आतषबाजीतला बाण, तेव्हा तो वर्षातून एखाद्याच बातमीला पुरवून वापर. ‘असेंड’ मात्र भावाला लावू नकोस. तो भारदस्त शब्द आहे. राजा सिंहासनावर असेंड होतो, कांदा होत नाही.

आता ‘सोअर’. या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात लॅटिन ‘ऑरा’ आहे, म्हणजे वारा, हवेची झुळूक. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत. सकाळी जाऊन बघ. कातळ तापेपर्यंत गिधाड कपारीतून सहसा हलत नाही. ऊन चढलं, खडकालगतची हवा गरम होऊन वर निघाली, की ते कड्यावरून स्वतःला सोडून देतं, पंख पसरतं आणि गोल गोल फिरत उंच जातं. पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात आणि मिनिटं गेली तरी पंख एकदाही हलत नाही. हे सोअरिंग. वर नेणारी ताकद हवेची, पक्ष्याचं काम फक्त ती हवा ओळखून तिच्यात राहणं. त्या हवेतून बाहेर पडून पंख तसेच ठेवून खाली घसरत पुढे गेलं, की तेच ‘ग्लाइड’. माळरानावरची कापशी घार एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबते आणि खालचा उंदीर हेरते, ते ‘हॉवर’.

भावाला ‘सोअर’ लावतात तेव्हा अर्थ जरा सरकतो. पक्ष्याच्या बाबतीत भर सहज उंच जाण्यावर असतो, भावाच्या बाबतीत झपाट्यावर आणि उंचीवर. 2019च्या पावसाळ्याने मुक्काम लांबवला, खरिपाचा कांदा शेतात सडला आणि डिसेंबरात अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला 100 रुपयांच्या वर गेला. तिथे ‘सोअर’ अगदी शोभतो. तुझ्या मजकुरातल्या मंगळवारच्या वाढीला तो शोभत नाही.

‘राइज’कडे तू साधा शब्द म्हणून दुर्लक्ष करतेस, हे मला पटत नाही. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्यालाही इंग्रजीत ‘राइजेस’ म्हणतात, आणि मग ती सुमारे 1,465 किलोमीटर उतरत बंगालच्या उपसागराला मिळते. ब्रह्मगिरी त्र्यंबकच्या मागे जागचा न हलता उभा आहे, तोही ‘राइजेस’. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या रामकुंडाजवळ लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पूर मोजायची आपली रीत. त्या पाण्यालाही ‘राइज’च. पुराच्या बातमीत ‘सोअर’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला पाणी उडताना दिसेल.

‘क्लाइंब’मध्ये सहसा स्वतःचा जोर असतो. सप्तशृंग गडाच्या पायऱ्या तू क्लाइंब करतेस. 2018 साली सुरू झालेल्या, दोराने रुळांवरून वर ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर ट्रॉलीत बसलीस तर ‘वेंट अप’ किंवा ‘रोड अप’ लिही, कारण श्रम ट्रॉलीचे. ओझरच्या धावपट्टीवरून सुखोई लढाऊ विमान सुटतं, तेव्हा चाकं जमीन सोडतात ते ‘टेक ऑफ’, आणि पुढे इंजिनाच्या रेट्यावर चढत जातं ते ‘क्लाइंब’. वैमानिकही हाच शब्द वापरतात.

आता दोन गोष्टी व्याकरणाच्या, कारण तिथे बातमीच चुकते. ‘राइज’ आपोआप होतं, ‘रेझ’ कुणीतरी करतं. ‘प्राइसेस रेझ्ड’ असं तू दोनदा लिहिलं आहेस. भाव स्वतः चढला तर ‘रोझ’. व्यापाऱ्यांनी चढवला तर ‘ट्रेडर्स रेझ्ड प्राइसेस’, आणि मग तो कुणी चढवला हे तुला विचारून खात्री करावी लागेल. दुसरं म्हणजे ‘रोझ बाय 300’ आणि ‘रोझ टू 300’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात 300 रुपयांनी वाढला, दुसऱ्यात वाढून 300वर पोचला. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात ‘टू’ पडलं आहे आणि सोबतच्या तक्त्याप्रमाणे तिथे ‘बाय’ हवं. शेतकरी तो आकडा बघून ट्रॅक्टर भरायचा की थांबायचं ते ठरवतो, म्हणून ते आजच दुरुस्त करून पाठव. बाकीचे शब्द निवांत बदललेस तरी चालेल.

तुझी,
मॅडम