रोज पळूनही वेळ सुधारत नाही, पहाटे उठावंसंही वाटत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने रोज १० किलोमीटर पळताय, पण वेळ तासाच्या आत येत नाही आणि आता गजर वाजला की नको वाटतं. मला तरी या दोन्हींचं मूळ एकच दिसतं: तुम्ही रोज जोरात पळताय.

मी पळायला लागलो पोलीस भरतीसाठी. मुलांना तिथं १६०० मीटर असतात, सगळा खेळ पाच-साडेपाच मिनिटांचा. जीव तोडून पळायचं आणि घड्याळ बघायचं. भरतीत नंबर लागला नाही, पण पळायचा नाद लागला, आणि २१ किलोमीटरच्या तयारीला तीच सवय घेऊन मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी उतरलो. एक फेरी चार-साडेचार किलोमीटरची. कालच्यापेक्षा आज कमी वेळ लागलाच पाहिजे, हा हट्ट. तीन महिन्यांत नडगी ठणकायला लागली, १० किलोमीटरची वेळ ५८ मिनिटांवर अडकली, आणि पहाटे पांघरुणातच पोटात गोळा यायचा की आज परत तेच.

दुखणं थांबल्यावर धाकट्या बहिणीला पळायला शिकायचं होतं. तिला धाप लागू नये म्हणून तिच्या चालीनं, गप्पा मारत शालिनी पॅलेसपासून संध्यामठापर्यंत जायचो. जोरात पळायचो ते फक्त मंगळवारी. अडीच महिन्यांनी एकटाच १० किलोमीटर पळालो, तर ५४ मिनिटं! आणि त्या अडीच महिन्यांत उठायचा कंटाळा एकदाही आला नव्हता.

यामागचं कारण साधं आहे. हळू आणि जास्त वेळ पळताना हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला सरावतं. लांब पल्ला यावरच चालतो. रोज जोर लावला की थकवा साठत जातो आणि हे काम नीट होतच नाही. शिवाय दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश घट्ट होतात, म्हणून दुखापत नेमकी उत्साहाच्या भरात होते. आपल्या तालमीतच बघा की, पैलवान जोर-बैठका रोज मारतो, मैदानातली कुस्ती रोज धरत नाही.

आठवड्यातले चार दिवस इतकं हळू पळा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. सुरुवातीला हे लाजिरवाणं वाटतं, मागून येणारे पुढे निघून जातात. जाऊ द्या. त्यातला एक दिवस, रविवार म्हणा, लांबचा ठेवा आणि अंतर सावकाश वाढवा. एक दिवस जोराचा: ८०० मीटर पाच वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. कधी त्याऐवजी वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ घ्या. पोटऱ्यांना तसा व्यायाम रंकाळ्याच्या सपाटीवर मिळत नाही. उरलेले दोन दिवस सरळ सुट्टी. वहीत वेळेसोबत त्या दिवशी कसं वाटलं तेही लिहा. वेळ हलायच्या आधी तिथं फरक दिसतो.

आठ महिन्यांत निराश होताय म्हणून सांगतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळाला, सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. पुढचा राष्ट्रीय विक्रम त्यानं २०२४ मध्ये पॅरिसला केला, ८ मिनिटं ०९.९१. दोन वर्षांची मेहनत, सव्वा सेकंदासाठी. तुमची वेळ तर अजून मिनिटांनी कमी होणार आहे.

एवढं करूनही थकवा हटला नाही तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असलं की सराव कितीही बदला, दम पुरत नाही. आणि नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर त्याच दिवशी पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. मी तीन आठवडे अंगावर काढलं, ते निस्तरायला दोन महिने गेले.