आजी अजून फुगडी कशी घालते?

प्रिय चिऊ,

बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरहून आलेला गौरी जागरणाचा व्हिडिओ बघून तू विचारलंस, "आजी ६७ वर्षांची आहे ना? मग ती अशी गरगर फिरते कशी? आणि कोणी हसत कसं नाही?"

आधी हसण्याचं सांगते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर घरी येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा आणि जेवण, मूळ नक्षत्रावर ती जाते. मधल्या रात्री जागरण. त्या रात्री बायकांनी खेळायचंच असतं, त्यामुळे टोमणे बसतात ते कोपऱ्यात बसून नुसतं बघणारीला. एरवी "या वयात काय करालीस गं?" म्हणणारी मोठी जाऊसुद्धा पदर खोचून उभी राहते. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अज्जींना गाण्याचे शब्द येत नाहीत, पण टाळीचा ठेका चुकत नाही.

आता व्हिडिओ पुन्हा लाव आणि आजीचे नुसते पाय बघ. तुझी आत्या फुगडी घालते तेव्हा दोघींचे चवडे एकमेकींना टेकलेले असतात, हात ताठ, आणि अंग टाचेपासून डोक्यापर्यंत फळीसारखं मागे झुकलेलं. एकमेकींच्या ओढीवरच त्या तोललेल्या असतात. आजी मागे झुकतच नाही. तिच्या आणि समोरच्या काकूंच्या चवड्यांत वीतभर अंतर आहे, गुडघे जरासे सैल आहेत आणि पावलं छोटी, भुईला घासत पडतात. हात सुटला तरी ती जागच्या जागी उभी राहील. आत्याचा हात सुटला तर ती थेट भिंतीवर जाईल. शिवाय आजीच्या फेऱ्या मोज: नऊ. आत्या पंचवीस-तीस सहज घालते.

जोडीदारीणही आजीने बघून निवडली आहे, साधारण आपल्याच वजनाची आणि उंचीची. एक जड आणि एक हलकी असली की हलकीचे पाय उचलले जातात आणि दोघी एका अंगाला कलंडतात. तुला नातीच्या लाडानं आजीशी खेळावंसं वाटेल, पण जोरात फिरणाऱ्या फुगडीत ते नको. तुझ्याबरोबर तिनं झिम्मा घालावा.

हात कसे धरायचे ते नीट वाच, कारण बहुतेक जणी तिथंच चुकतात. दोन्ही हात पुढे करून एकमेकांवरून तिरपे घ्यायचे, म्हणजे तुझा उजवा हात समोरचीच्या उजव्या हातात आणि डावा डाव्यात येतो. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत. झटका बसला की बोट मुरगळतं आणि हात वेळेवर सोडवताही येत नाही. तळव्यात तळवा घट्ट धरायचा, घाम असेल तर आधी पुसायचा. काचेच्या बांगड्या मागे सारायच्या, नाहीतर फुटून मनगटात रुततात.

चक्कर येते ती कानामुळे. कानाच्या आत पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात. आपण फिरलो की तो द्रवही फिरू लागतो. आपण थांबतो, तो मात्र आणखी काही सेकंद हलत राहतो, आणि मेंदूला वाटतं की अजून फिरतोच आहोत. म्हणून एकदम थांबायचं नाही. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या हळू घ्यायच्या आणि थांबल्यावरही हात न सोडता दहा-पंधरा सेकंद उभं राहायचं. फिरताना नजर भुईकडे नको, समोरचीच्या कपाळावरच्या कुंकवावर ठेवायची. वय वाढलं की तोल सावरायला पायांना वेळ लागतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर बसल्याचं पटकन उठतानाही डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्यामुळे आजी चटईवरून उठून थेट फुगडीला जात नाही. आधी झिम्म्याच्या रिंगणात दोन फेऱ्या चालते.

बसफुगडी तिनं सोडून दिली आहे. उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या, त्यात सगळा भार गुडघ्यांवर येतो. तिच्या वयात ती सोडावीच. सोडल्याचं तिला काही वाटतही नाही, कारण दमून खाली बसली की ती गाणं धरते, आणि गाण्याची चाल वाढवली की समोरच्या पोरींची दमछाक! रिंगण तेव्हा तिच्याच हातात असतं. केस काळे केले की मन तरुण, असं जाहिरातवाले सांगतात. मला हे गाणं धरणं जास्त खरं वाटतं.

मग उखाणे. नवऱ्याचं नाव यमकात गुंफायचं, एवढाच नियम. जुने पाठ म्हटले तर कोणी विचारत नाही, ताजा जुळवला तर टाळ्या. आपल्या गावचा मी जुळवून देते (कुंदा म्हणजे आपल्याकडची दुधाची मिठाई): "कुंदा घ्या वाटीभर, चहा घ्या कपभर, अमुकरावांचं नाव घेते, दम खाऊ द्या घटकाभर."

आजोबांचं काय, हेही तू विचारणारच. वारीत पुरुषही फुगडी घालतात, पांढऱ्या मिशांचेसुद्धा, गळ्यात टाळ अडकवून. आळंदीच्या पालखीपुढे चालणारे माउलींचे अश्व आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात. तो मान १८३२ सालापासूनचा, हैबतबाबांनी हा पालखी सोहळा सुरू केला तेव्हापासूनचा.

इथं घरी करून बघणार असशील तर मोजे काढ. लाकडी फरशीवर मोज्यांनी पाय सटकतोच. गालिचा गुंडाळून ठेव, टेबल भिंतीला लाव, आणि जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ देत. गावाकडे सारवलेल्या, वाळलेल्या अंगणाला पकड असते. अंगण ओलं असलं तर तिथंही कोणी फुगडी धरत नाही. आधी पाच फेऱ्याच घाल, समोर मी उभी राहते.

तुझी,
आई