सर्वोत्तम सेंटर फिल्डर कोण? आधी मोजायचं काय ते ठरवू

प्रश्न असा आला आहे: विली मेज, अँड्रू जोन्स, केन ग्रिफी ज्युनिअर आणि ट्रिस स्पीकर या बेसबॉलच्या चार सेंटर फिल्डरांत (आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, मधोमध उभा राहतो तो), बॅटिंग पूर्ण बाजूला ठेवून, निव्वळ फिल्डिंगवर पहिला नंबर कुणाचा? आणि गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचा वार्षिक पुरस्कार) मोजून तो लावता येईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. ऐन भरातली पाच-सहा वर्षं बघायची तर अँड्रू जोन्स. पूर्ण कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर मेज. स्पीकर ज्या काळात खेळला तेव्हा चेंडूच वेगळा होता, त्यामुळे त्याला या रांगेत उभं करण्यापेक्षा त्याच्या काळात तो इतरांच्या किती पुढे होता एवढंच बघावं. आणि तो खूपच पुढे होता. ग्रिफी या चौघांत चौथा. हे वाचून अनेकांना राग येईल, म्हणून कारणं सविस्तर देतो.

गोल्ड ग्लव्हचं आधी उरकू. मेजला १२ (१९५७ ते १९६८ सलग), जोन्सला १० (१९९८ ते २००७ सलग), ग्रिफीला १० (१९९० ते १९९९ सलग). हा पुरस्कार सुरूच झाला १९५७ मध्ये. म्हणजे स्पीकरला तो मिळणं शक्यच नव्हतं, आणि मेजची १९५४ सह आधीची वर्षं हिशेबात येतच नाहीत. १९६५ पासून मतं मुख्यतः मॅनेजर आणि कोच देतात. ते दुसऱ्या संघाच्या खेळाडूला वर्षाकाठी मोजकेच सामने बघतात, आणि एकदा नाव झालं की तेच नाव पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं जातं. पुरस्कार किती मिळाले यावरून दबदबा कळतो. त्या वर्षी तो खेळाडू प्रत्यक्षात किती चेंडूंपर्यंत पोचला हे कळत नाही.

फिल्डिंग पर्सेंटेज (आलेल्या संधींपैकी किती चूक न करता पार पडल्या) तर याहून फसवं. सेंट लुईसचा सेंटर फिल्डर कर्ट फ्लड १९६६ चा अख्खा सीझन, १५९ सामने, एकही एरर (फिल्डिंगची नोंदवलेली चूक) न करता खेळला. सात गोल्ड ग्लव्हचा मानकरी. आता १९६८ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) सातवा सामना घ्या. सातवी इनिंग, ०-०, दोन आउट, दोन रनर बेसवर, फ्लडच्याच संघाचा बॉब गिब्सन पिचिंगला. जिम नॉर्थरपने सरळ सेंटरच्या दिशेने सणसणीत ड्राइव्ह मारला. फ्लड आधी पुढे आला, चूक लक्षात आल्यावर वळला, पाय घसरला आणि चेंडू डोक्यावरून मागे गेला. दोन रन, आणि डेट्रॉइटने सामना ४-१ असा जिंकला. स्कोअरबुकात या चेंडूची नोंद काय? ट्रिपल, म्हणजे तीन बेसचा फटका. एरर नाही. ज्या चेंडूला हात लागला नाही त्याची एरर सहसा धरतच नाहीत. त्यामुळे जो फिल्डर जास्त चेंडूंपर्यंत पोचतो त्याच्याच नावावर जास्त एरर लागण्याची शक्यता असते.

हा चेंडू एवढा अवघड का, तेही सांगतो, कारण सेंटर फिल्डरची खरी परीक्षा इथेच होते. डावीकडे-उजवीकडे जाणाऱ्या चेंडूचा कोन डोळ्यांना लगेच कळतो. थेट अंगावर येणारा लाइन ड्राइव्ह मात्र पहिला अर्धा सेकंद जागचा हलतच नाही असं वाटतं. चेंडूला बॅकस्पिन असेल तर तो तरंगत मागे जातो, टॉपस्पिन असेल तर पायाशी पडतो. म्हणूनच कोच सांगतात की शंका आली तर पहिलं पाऊल मागे टाका. पुढे पडलेला चेंडू एक बेस देतो, मागे गेलेला तीन.

आता मुख्य मुद्दा: रेंज, म्हणजे फिल्डर किती दूरच्या चेंडूपर्यंत पोचतो. लोकांना वाटतं रेंज म्हणजे धावण्याचा वेग. थोडं गणित करून बघा. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला २७ फूट धावतो, अत्यंत वेगवान खेळाडू ३० च्या आसपास. पण हा वेग यायलाच काही पावलं लागतात. हवेत चार सेकंद राहणाऱ्या चेंडूवर सेकंदाला एक फूट जास्त वेग असला तर पदरात जेमतेम तीन-साडेतीन फूट पडतात. याउलट सुरुवात ०.२ सेकंद आधी केली तर पाच फुटांहून अधिक मिळतात, आणि तेही प्रत्येक चेंडूवर. म्हणूनच स्टॅटकास्टवाले (मेजर लीगची कॅमेऱ्यांनी मोजमाप करणारी यंत्रणा) आउटफिल्डरची ‘जंप’ वेगळी मोजतात: पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीड सेकंदातला जोर, आणि मार्ग किती सरळ होता ते.

अँड्रू जोन्स इथे सगळ्यांच्या वर होता. सेंटर फिल्डरला पिचर, कॅचर आणि होम प्लेट (बॅटर उभा असतो ती जागा) एका रेषेत दिसतात. कॅचरचा ग्लव्ह आत आहे की बाहेर, पिच वेगवान आहे की चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला), हे त्याला बाकी कुठल्याही आउटफिल्डरपेक्षा आधी कळतं. ज्याला ते वाचता येतं त्याचं वजन बॅटला चेंडू लागण्याआधीच योग्य पायावर गेलेलं असतं. त्याच्या अटलांटा संघाच्या पिचरांचा नेम अचूक होता. मॅडक्स आणि ग्लॅव्हिन सांगितलेल्या जागी चेंडू टाकायचे, त्यामुळे हा अंदाज वारंवार खरा ठरायचा. जोन्सच्या जुन्या व्हिडिओत त्याने सूर मारलेले कॅच कमी दिसतात, कारण तो चेंडूखाली आधीच उभा असायचा. हायलाइट्सवर मत बनवणाऱ्यांच्या नजरेतून तो नेमका यामुळेच सुटतो.

आणि हे सगळं तो फार पुढे, म्हणजे सेकंड बेसच्या जवळ, उभा राहून करायचा. उभं राहण्याच्या अंतराचं गणित असं आहे: सिंगल (एका बेसचा फटका) अडवून आउट केला तर साधारण पाऊण रन वाचतो, डबल (दोन बेसचा) अडवला तर एकाहून थोडा जास्त. आजचे संघ त्यामुळे सेंटर फिल्डरला मागे, होम प्लेटपासून ३२० फुटांच्या आसपास ठेवतात. पुढे पडणारे सिंगल जाऊ देतात आणि गॅपमधले (दोन आउटफिल्डरांच्या मधल्या जागेतले) डबल वाचवतात. पुढे उभं राहून मागचे चेंडूही पकडता येत असतील तर दोन्हीकडचा फायदा मिळतो, पण ते ज्याला डोक्यावरच्या चेंडूवर वळता येतं त्यालाच शक्य आहे.

वळण्याची रीत अशी. चेंडू ज्या खांद्यावरून जातोय त्या बाजूचा पाय आधी मागे टाकायचा, कंबर उघडायची आणि धावत सुटायचं. तोंड चेंडूकडे ठेवून उलट्या पावलांनी जायचं नाही. धावताना दोन्ही हात मोकळे चालले पाहिजेत. नवशिके पहिल्या पावलापासून ग्लव्ह पुढे धरून धावतात आणि तिथेच वेग घालवतात. ग्लव्ह शेवटच्या दोन पावलांत उघडायचा. चेंडू दुसऱ्या खांद्याकडे वळला तर थांबून पुन्हा समोर तोंड करायचं नाही. पाठ तशीच ठेवून मान दुसरीकडे फिरवायची. क्षणभर चेंडू दिसत नाही, पण पाय थांबत नाहीत. १९८३ च्या लॉर्ड्स फायनलमध्ये कपिलने मागे धावत रिचर्ड्सचा घेतलेला कॅच आठवा. त्याच जातीचं कौशल्य, फक्त इथे चेंडू जास्त जोरात येतो आणि मागे भिंत असते.

मेजचा २९ सप्टेंबर १९५४ चा कॅच याच वळण्याचा नमुना आहे, पण त्याचं कौतुक बहुतेक वेळा अर्धवट केलं जातं. पोलो ग्राउंड्स (मेजच्या जायंट्स संघाचं मैदान), क्लीव्हलँडविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवी इनिंग, २-२, एकही आउट नाही, सेकंडवर लॅरी डोबी, फर्स्टवर अल रोझेन. विक वर्ट्झने सुमारे ४२० फूट चेंडू मारला. मेज होम प्लेटकडे पाठ करून धावला आणि चेंडू खांद्यावरून ग्लव्हमध्ये घेतला. इथपर्यंत सगळे सांगतात. खरी करामत पुढची आहे. एवढ्या खोलवरून डोबी सेकंडवरून थेट घरी पोचू शकला असता. मेजने कॅचनंतर वेग मोडत, गर्रकन फिरत, टोपी उडालेली असताना चेंडू इनफिल्डमध्ये फेकला. डोबी थर्डवरच थांबला, रोझेन फर्स्टवर परतला, क्लीव्हलँडला त्या इनिंगमध्ये रन मिळाला नाही. जायंट्सने सामना दहाव्या इनिंगमध्ये ५-२ असा जिंकला. कॅचने एक आउट मिळाला. रन वाचला तो थ्रोने.

१९५१ चा त्याचा थ्रो माझ्या मते याहून वरचा. ब्रुकलिनविरुद्ध कार्ल फुरिलोचा फ्लाय (उंच उडालेला चेंडू), थर्डवर बिली कॉक्स. उजव्या हाताने फेकणारा मेज आपल्या डावीकडे, उजव्या-मध्य गॅपकडे धावत होता. अशा कॅचनंतर थांबून, पाय लावून, मग फेकायचं म्हटलं तर एक पूर्ण सेकंद जातो. त्याने डाव्या पायावर गोल फिरून, त्याच गिरकीत चेंडू होम प्लेटला फेकला आणि कॉक्स आउट झाला.

साध्या परिस्थितीत थ्रो कसा असावा तेही सांगून ठेवतो. फ्लायच्या थोडं मागे थांबायचं, पुढे येत येत चेंडू फेकणाऱ्या खांद्यासमोर घ्यायचा, शिवणींवर आडवी दोन बोटं बसवून छोटी उडी घेत वरून फेकायचं. बाजूने फेकला की चेंडू वळतो. थ्रो कट-ऑफ खेळाडूच्या (थ्रो मध्येच अडवायला उभा असतो तो) डोक्याच्या उंचीने गेला पाहिजे, म्हणजे त्याला हवं तर अडवता येतो, नको तर सोडता येतो. डोक्यावरून उंच गेलेला थ्रो टाळ्या मिळवतो आणि बॅटरला फुकटात सेकंड बेस देतो.

असिस्टचे (थ्रो करून रनर बाद करायला केलेली मदत) आकडे मात्र जपून वापरा. स्पीकरचे आउटफिल्डमधून ४४९ असिस्ट आहेत, हा आजही विक्रम आहे. १९०९ आणि १९१२ मध्ये प्रत्येकी ३५. मेजचे कारकिर्दीत १९५. म्हणून स्पीकरचा हात दुप्पट चांगला होता असं होत नाही. १९२० च्या आधी चेंडू मऊ व्हायचा, मळायचा, तोच वापरत राहायचे, तो लांब जायचा नाही. स्पीकर सेकंड बेसच्या पाठीशी जवळजवळ पाचवा इनफिल्डर म्हणून उभा राहायचा. कमी उंचीचा लाइनर पकडून स्वतःच धावत सेकंड बेसवर पाय ठेवायचा आणि परत फिरणाऱ्या रनरला बाद करायचा. असे एकट्याने केलेले डबल प्ले त्याने कारकिर्दीत सहा केले, त्यातले दोन १९१८ च्या एप्रिलमध्ये. आज ३२० फुटांवरून हे कुणालाच जमणार नाही, कारण तिथून ते शक्यच नाही. दुसरी गोष्ट, हात जबर आहे हे कळल्यावर रनर धावायचंच सोडतात. थांबलेल्या रनरचा असिस्ट कुठेच लिहिला जात नाही. आणि तरीही, त्याच काळात त्याच चेंडूवर खेळणाऱ्या इतरांच्या तुलनेत स्पीकर एवढा पुढे असेल तर त्याला वंदन करायलाच हवं.

पुटआउटचंही (कॅच वगैरे घेऊन फिल्डरने स्वतः केलेला आउट) तसंच. रिची अ‍ॅशबर्नने चार सीझनमध्ये ५०० च्या वर पुटआउट केले. तो अफाट होताच, पण फिलाडेल्फियाकडे रॉबिन रॉबर्ट्ससारखा फ्लाय जास्त देणारा पिचर होता, आणि तेव्हा एक संघ सामन्यात चारच्या आसपास स्ट्राइकआउट व्हायचा. २०१९ मध्ये तोच आकडा साडेआठच्या पुढे गेला. मैदानात चेंडूच कमी येत असतील तर पुटआउट कुठून येणार? मेजचे ७,०९५ पुटआउट हा आउटफिल्डरांचा सर्वकालीन विक्रम मी मानतो तो सातत्यासाठी: सेंटरला २,८०० हून अधिक सामने, त्यात १९६० नंतरचे जायंट्सचे घरचे सामने कँडलस्टिक पार्कच्या वाऱ्यात. तिथे चेंडू वर गेल्यावर कुठे उतरेल ते पहिल्या अंदाजावर ठरवून चालत नसे. धावता धावता दोनदा-तीनदा मार्ग बदलावा लागे.

जोन्सवरचा एक आक्षेप खरा आहे. लेफ्ट किंवा राइट फिल्डर आरामात पकडेल असा फ्लायही सेंटर फिल्डरने घेतला तर जुन्या पद्धतीत त्याचं श्रेय त्यालाच मिळतं, संघाचा मात्र एकही रन वाचत नाही. जोन्सच्या आकड्यात असे काही चेंडू आहेत. ते वजा केले तरी तो वर राहतो. शिवाय सेंटर फिल्डरने हाक मारली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं हा नियम आहे, आणि हाक उशिरा आली तर काय होतं ते १९५१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दिसलं. मेजनेच मारलेल्या फ्लायवर यँकीजचा सेंटर फिल्डर डिमॅजिओने चेंडू घेतला, राइट फिल्डमधून भरधाव आलेला मिकी मँटल ऐनवेळी थांबायला गेला, बुटाचे खिळे ड्रेनच्या झाकणात अडकले आणि गुडघा गेला.

ग्रिफी भिंतीजवळ अप्रतिम होता, आणि भिंतीनेच त्याचं नुकसान केलं. मे १९९५ मध्ये किंगडोम या सिएटलच्या मैदानाच्या भिंतीवर आदळून त्याचं मनगट मोडलं. कॅच मात्र सुटला नाही. भिंतीवरचा कॅच करायचा तर आधी ट्रॅकपर्यंत (भिंतीलगतची पट्टी) पूर्ण वेगात पोचायचं, मोकळ्या हाताने भिंत चाचपायची, मग उडी. टोरी हंटरने २००२ च्या ऑल-स्टार सामन्यात बॉन्ड्सचा होमरन असाच खेचून आणला. होमरन वाचवला की दीडहून अधिक रन वाचतात, पण अशी संधी सीझनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; गॅपमधले चेंडू रोज येतात. सिएटलमधला तरुण ग्रिफी निःसंशय उत्तम. सिनसिनाटीत दुखापतींनी पाय गेले तरी तो सेंटरलाच राहिला आणि आधी कमावलेलं तिथे गेलं. सरासरी फिल्डरपेक्षा किती रन जास्त वाचवले, या बेसबॉल-रेफरन्स वेबसाइटच्या हिशेबात त्याची पूर्ण कारकीर्द शून्याच्या आसपास येते, मेज सुमारे +१८५, जोन्स +२३५ च्या घरात.

मग पूर्ण कारकिर्दीत मेजला जोन्सच्या वर का ठेवलं? जोन्सचं शरीर तिशीनंतर साथ देईना, १,७०० च्या वर सामन्यांत त्याचा सेंटरमधला खेळ आटोपला. मेज चाळिशीतही तिथे उभा होता, आणि १९५० च्या दशकातले चेंडूवार तपशील अपुरे असल्याने त्याचा आकडा खालच्या बाजूला झुकलेला असण्याची शक्यता जास्त आहे.

फिल्डिंगचे आकडे शोधायला बसलात तर प्रत्येक माप कधीपासूनचं ते सांभाळा: टोटल झोन १९५३ पासूनच्या सामन्यांच्या नोंदींवर आधारलेला, डीआरएस (फिल्डिंगने वाचवलेले रन) २००३ पासून, स्टॅटकास्टचं आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज २०१६ पासून. केविन किअरमायरचे २०१५ चे ४२ डीआरएस जोन्सच्या १९९९ च्या टोटल झोनशेजारी मांडून ‘हा त्याच्यापेक्षा मोठा’ असं म्हणू नका. दोन वेगळी मापं आहेत ती. त्या त्या वर्षीच्या बाकी सेंटर फिल्डरांपासून प्रत्येकजण किती पुढे होता, एवढीच तुलना टिकते.